‘सातारा’ एक कीं अनेक?
नामसाम्याविषयीं कांहीं विचार

१

जुन्या कागदांत आणि पोथ्यांत रमणाऱ्या मंडळींस गांवाचें नांव सांपडलें म्हणजे निम्में काम झालें असें वाटतें. पोथींत लेखकाचें नांव नसलें, शकाचा आंकडा वाळवीनें खाल्लेला असला, पहिलें पान गहाळ झालेलें असलें, तरी शेवटच्या ओळींत ‘अमुक ग्रामीं’ एवढीं अक्षरें शाबूत असलीं कीं संग्राहकाचा जीव भांड्यांत पडतो. हें समाधान पुष्कळदां फसवें असतें. कारण गांवाचें नांव ही कांहीं त्या गांवाची खासगी मालमत्ता नव्हे. एकच नांव दोन गांवांनीं परस्परांस न विचारतां धारण केलेलें असतें. तें कधीं जहाजावर चढतें, कधीं कापडाच्या गांठीवर उमटतें. आणि कधीं तर सर्वस्वीं निराळ्या भाषेंतला निराळ्याच अर्थाचा शब्द केवळ ध्वनीच्या योगायोगानें त्याच्या शेजारीं येऊन बसतो. नामसाम्य म्हणजे संबंध नव्हे, ही गोष्ट तत्त्वतः सर्वांस मान्य आहे. व्यवहारांत मात्र तिचा विसर पडतो. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही एकच नांव घेऊन त्याची छाननी करणार आहों. तें नांव ‘सातारा’.

हेंच नांव निवडण्यास कारण आमचीच एक चूक आहे. ती प्रथम सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेच्या नोकरींत असतांना, एका गृहस्थांनीं आपल्या घरचीं पोथ्यांचीं दोन गांठोडीं आमच्याकडे पाहण्यास आणून दिलीं. त्यांत मल्लारिमाहात्म्याची एक प्रत होती. अक्षर वळणदार व कागद दौलताबादी होता. कागदावरून आम्हीं कांहीं अनुमान काढलें नाहीं, आणि तेवढें तरी योग्यच केलें. कारण दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्याचा कागद दूरदूरच्या प्रांतांत जात असे. समाप्तिलेखांत लेखकानें आपलें नांव देऊन, ही प्रत सातारा ग्रामीं मार्तंडाच्या सन्निध पुरी केली, असें लिहिलें होतें. नदीचा उल्लेख नव्हता. आम्हीं विचार केला कीं, सातारा जिल्ह्यांत कऱ्हाड तालुक्यांत तारळी नदीच्या कांठीं पालचा खंडोबा प्रसिद्धच आहे. तेव्हां साताऱ्याचा लेखक आणि मार्तंडाचें सान्निध्य यांचा मेळ आपोआप बसतो. तसें टिपण करून आम्हीं तें पोथीस जोडलें. गृहस्थांस आनंद झाला. आपले पूर्वज छत्रपतींच्या राजधानींत राहणारे होते असें त्यांनीं आपल्या छापील कुलवृत्तांतांत घातलें, आणि त्या कुलवृत्तांताच्या आधारें पुढें आणखी एका अभ्यासकानें सातारच्या दरबारांतील खंडोबाच्या उपासनेविषयीं कांहीं विधानें केलीं. आमच्या एका चिठोऱ्यावर येणेंप्रमाणें दोन मजले उभे राहिले. ते कसे कोसळले हें पुढें ओघानें येईल.

२

ज्यास आपण सर्व सातारा म्हणून ओळखतों तो कृष्णा व वेण्णा ह्या नद्यांच्या परिसरांतला. दोहोंचा संगम शहराच्या पूर्वेस माहुली येथें होतो. शहरावरचा किल्ला परंपरेनें पन्हाळ्याच्या शिलाहार दुसऱ्या भोजाचा मानला जातो. इ. स. १५८० च्या सुमारास विजापूरच्या दरबारांतील भांडणांत चांदबिबीस ह्याच किल्ल्यावर कैदेंत ठेविलें होतें; म्हणजे शिवाजी महाराजांनीं १६७३ सालीं किल्ला घेतला त्यापूर्वीं निदान नव्वद वर्षें हें नांव रूढ होतें. पुढें १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेबानें किल्ल्यास वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनीं तो कित्येक महिने लढविला, आणि १७०० च्या एप्रिलांत तो मोंगलांच्या हातीं पडला. १७०८ च्या जानेवारींत शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथेंच झाला. त्यांच्या कारकीर्दींत किल्ल्याखालीं जी वस्ती वाढली तिला शाहूनगर म्हणत. १८४८ सालीं इंग्रजांनीं दत्तक नामंजूर करून सातारचें राज्य खालसा केलें. हा इतिहास वाचकांस परिचित असल्यामुळें त्याचा विस्तार करीत नाहीं.

आपला प्रश्न नांवाचा आहे. त्याच्या तीन व्युत्पत्ति लोकांत चालतात. पहिली अशी कीं, किल्ल्यास तट, बुरूज व दरवाजे मिळून सतरा होते, म्हणून ‘सतरा’ याचें ‘सातारा’ झालें. ही इंग्रजी गॅझेटियरांतून आली असल्यामुळें तिला उगाच वजन प्राप्त झालें आहे. दुसरी, सात डोंगरांच्या किंवा सात तटांच्या मध्यें वसलेलें गांव तें सातारा. तिसरी, ‘सात तारा’ म्हणजे सप्ततारका.

पहिली व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. संस्कृत ‘सप्त’ याचें प्राकृतांत ‘सत्त’ झालें, आणि मराठींत येतांना जोडाक्षरांतील एक व्यंजन गळून त्याच्या भरपाईदाखल पहिला स्वर दीर्घ झाला, म्हणून ‘सात’. परंतु हा शब्द जेव्हां मोठ्या संख्येचा पूर्वभाग होतो तेव्हां आघात पुढें सरकतो आणि पहिला स्वर ऱ्हस्वच राहतो. ‘सप्तदश’चें ‘सत्तरस’ व त्याचें ‘सतरा’, ‘सप्तविंशति’चें ‘सत्तावीस’, ‘सप्तति’चें ‘सत्तर’. ह्यांपैकीं एकांतही आरंभीं ‘सा’ नाहीं. मग एकट्या किल्ल्याच्या नांवांतच ‘सतरा’ याचा पहिला अकार व दुसराही अकार, असे दोन्ही दीर्घ व्हावे, ह्यास कांहीं कारण दिसत नाहीं. शिवाय विभक्तीची साक्ष उलट आहे. संख्येस प्रत्यय लागतात ते ‘सतरांचा’, ‘सतरांस’ असे. गांवास लागतात ते ‘साताऱ्याचा’, ‘साताऱ्यास’ असे, आणि जुन्या कागदांत ‘सातारियास’ असे. म्हणजे हें नांव बोलणाऱ्यांनीं तें संख्या म्हणून वागविलें नाहीं, आकारान्त पुल्लिंगी नाम म्हणूनच वागविलें.

मोडी कागदांत अक्षरांचा घोटाळा होऊन ‘सतरा’चें ‘सातारा’ झालें असेल, अशी शंका कोणी काढील. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत हें खरें. परंतु काना मोडींतही असतो, आणि दोन कान्यांचा फरक लेखणीच्या घाईवर लोटून देतां येत नाहीं. किल्ल्यास खरोखर सतरा बुरूज-दरवाजे होते असें मोजून दाखविलें, तरी त्यानें नांवाची व्युत्पत्ति सिद्ध होत नाहीं. आधीं नांव ऐकावें, मग त्यास जुळेल तेवढें मोजावें, हा लोकव्युत्पत्तीचा नेहमींचाच रिवाज आहे.

उरलेल्या दोहोंत ‘सात’ हा शब्द समान आहे, आणि ध्वनीच्या दृष्टीनें त्यास हरकत नाहीं. ‘सात’ व ‘तारा’ एकत्र उच्चारिले असतां दोन तकार एकमेकांस भिडून त्यांचा एक होणें स्वाभाविक आहे. येथें एक सावधगिरीची सूचना करतों. गेल्या शतकाच्या पूर्वीच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील इंग्रजी कागदांत ह्या नांवांत तकार दोनदां लिहिलेला आढळतो. त्यावरून ‘सात-तारा’ सिद्ध झालें असें मानूं नये. इंग्रज लेखकांचीं देशी नांवांतील दुहेरी व्यंजनें हीं त्यांच्या कानांचीं आहेत, आपल्या भाषेचीं नव्हत.

३

‘तारा’ ह्या अंशाविषयीं मात्र एक पुरावा असा आहे कीं, त्याकडे व्युत्पत्तीच्या चर्चेंत पुरेसें लक्ष जात नाहीं. १७०० सालीं किल्ला घेतल्यावर औरंगजेबानें आपला पुत्र आझमशहा याच्या नांवावरून त्यास ‘आझमतारा’ असें नांव दिलें. नवें नांव देतांना जुन्याचा अर्धा भाग तोडला व अर्धा राखला. राखला तो ‘तारा’. त्याच वर्षीं जूनमध्यें शेजारचा परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, मोंगलांनीं घेतला आणि त्यास ‘नवरसतारा’ म्हटलें. परळींत ‘तारा’ मुळींच नाहीं. तेव्हां एका नांवांतून सुटलेला ‘तारा’ दुसऱ्या किल्ल्यास प्रत्ययासारखा जोडला गेला. आजचें ‘अजिंक्यतारा’ हें नांवही त्याच सांच्यांतलें आहे.

ह्यावरून निष्कर्ष निघतो तो मर्यादित, पण पक्का. १७०० सालीं ऐकणारांच्या कानांस ‘सातारा’ ह्या शब्दांत ‘तारा’ ऐकूं येत होता. ‘सतरा’ ऐकूं येत नव्हता. शिलाहारांच्या काळीं कोणास काय ऐकूं येत होतें हें ह्यावरून ठरत नाहीं, आणि ठरविण्याचा अट्टाहासही करूं नये. व्युत्पत्तीच्या बाबतींत एक चुकीचें उत्तर खात्रीनें बाद करितां येणें हीही लहान प्राप्ति नव्हे.

४

आतां दुसऱ्या साताऱ्याकडे वळूं. मलिक अंबरानें १६१० सालीं ज्या खडकी गांवाचें शहर केलें, जें पुढें औरंगाबाद झालें व २०२३ पासून ज्याचें नांव छत्रपती संभाजीनगर आहे, त्या शहराच्या दक्षिणेस डोंगरांची एक रांग आहे. ते साताऱ्याचे डोंगर, व त्यांच्या पायथ्याचें गांव सातारा. शहर वाढत वाढत आतां त्या गांवापर्यंत पोंचलें आहे, आणि तिकडे ‘सातारा’ म्हटलें म्हणजे प्रथम हाच भाग डोळ्यांपुढें येतो. येथें खंडोबाचें दगडी देवालय आहे. परंपरा त्याचा संबंध अहिल्याबाई होळकरांच्या काळाशीं जोडते, आणि चंपाषष्ठीस तेथें यात्रा भरते.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, आमच्या पोथींतील ‘सातारा’ आणि ‘मार्तंडाचें सान्निध्य’ ह्या दोन्ही गोष्टी येथें एकाच आवारांत मिळतात. उलट पालचा खंडोबा सातारा शहराच्या सन्निध नाहींच. तो आहे तो सातारा जिल्ह्यांत, आणि हा जिल्हा म्हणजे इंग्रजी अमदानींतील विभागणी. अठराव्या शतकांतील लेखकाच्या तोंडीं आम्हीं एकोणिसाव्या शतकाचा नकाशा घातला होता. शाळेंत भूगोल शिकवितांना मुलांच्या ज्या चुकीवर आम्ही लाल शाई ओढीत असूं, तीच आम्हीं स्वतः केली.

चूक उघडकीस आली ती अशी. पोथीचे पुठ्ठे सुटूं लागले म्हणून कांहीं वर्षांनीं ते दुरुस्तीस काढले. पुठ्ठ्यास आंतून रद्दी कागद चिकटविलेले होते. त्यांत एक मोडी पावती निघाली. पावतीवर पोथीच्याच लेखकाचें नांव होतें, सन फसली होता, आणि वर ‘सुभे खुजिस्ते बुनियाद’ अशीं अक्षरें स्वच्छ होतीं. खुजिस्ता बुनियाद हें औरंगाबादेचें दफ्तरी नांव. आणखी कांहीं बोलण्यास जागाच उरली नाहीं. आम्ही त्या गृहस्थांच्या घरीं जाऊन सर्व हकीकत सांगितली. ते आतां वृद्ध झाले होते. बराच वेळ पावती हातांत धरून बसले, आणि मग शांतपणें म्हणाले, “गुरुजी, आमचे पूर्वज आपल्या जागींच बसले होते, आपणच त्यांना हलविलें होतें.” ह्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं.

पूर्वजांस हलविण्याची पाळी दुसऱ्यांवर येऊं नये म्हणून ह्या दोन साताऱ्यांपुरत्या कांहीं ओळखीच्या खुणा देतों. नदी दिली असेल तर प्रश्नच मिटतो. धर्मकृत्याच्या संकल्पांत देशाचा उच्चार करण्याची जी रीत आहे तीच पोथ्यांच्या समाप्तिलेखांत पुष्कळदां उतरते. गोदेचें उत्तर तीर सांगितलें असेल तर तो सातारा खंडोबाचा, आणि कृष्णा किंवा माहुलीचा संगम सांगितला असेल तर तो छत्रपतींचा. शालिवाहन शक व संवत्सराचें नांव ह्यांवरून भेद होत नाहीं, कारण तीं दोहोंकडे सारखींच चालत. परंतु जोडकागदांत सुहूर सन असेल तर मराठी दफ्तराची, आणि फसली सन असेल तर मोंगलाई किंवा निजामशाही अंमलाची दिशा दिसते. ही केवळ दिशा, निर्णय नव्हे. ‘किल्ले’ हा शब्द मागें असेल किंवा शाहूनगर जोडीस असेल तर संशय राहत नाहीं. उलट नुसतें ‘ग्राम’ म्हटलें असेल तर राजधानीच्या शहरास लेखक ग्राम कां म्हणेल, हा प्रश्न स्वतःस विचारावा. आम्हीं तो विचारला नाहीं.

जवळच्या गोष्टींतही असाच सांपळा असतो. पुणें-मिरज लोहमार्गावर ‘सातारा रोड’ नांवाचें स्थानक आहे. तें कोरेगांव तालुक्यांत पाडळी गांवापाशीं आहे, साताऱ्यांत नव्हे. पुण्यांत ‘सातारा रस्ता’ आहे, त्यावर राहणारा मनुष्य पुणेकरच असतो. हीं नांवें दिशा सांगतात, ठिकाण नव्हे. पाकिटावरील पत्ता वाचून पत्रलेखकास सातारकर ठरविण्यापूर्वीं एवढें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

५

नांव देवनागरींत किंवा मोडींत असेपर्यंत घोटाळा दोन-चार गांवांपुरता राहतो. तें रोमन लिपींत गेलें म्हणजे त्याचे बांध फुटतात. त्या लिपींत सामान्य लेखनांत ‘अ’ व ‘आ’ यांस एकच अक्षर, ‘त’ व ‘ट’ यांस एकच अक्षर. त्यामुळें सातारा, सतरा, सतारा, सतर असे आपल्या कानांस स्पष्ट निराळे शब्द तेथें एकाच वेषांत उभे राहतात. परदेशांतील ग्रंथालयांच्या सूच्या आज घरबसल्या पाहतां येतात. त्यांत ‘सातारा’ हा शब्द शोधला असतां जीं फळें हातीं येतात त्यांची जात ओळखतां यावी म्हणून थोडा फेरफटका करूं.

प्रथम खरीखुरी संतति. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आपल्या आगबोटींस आकारान्त नांवें देत असे, व त्यांत हिंदुस्थानांतील गांवांचीं नांवें पुष्कळ असत. तिच्या एका आगबोटीचें नांव ‘सातारा’ होतें. ही आगबोट २० एप्रिल १९१० रोजीं ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स किनाऱ्यावर सील रॉक्सनजीकच्या खडकांवर आपटून बुडाली. तिचे अवशेष समुद्रतळाशीं आहेत. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या सूचींत ‘सातारा गेला’ अशा अर्थाचा मथळा दिसला तर सालाकडे पाहावें. १८४८ सालीं सातारा बुडाला तो कायद्याच्या कलमानें. १९१० सालीं बुडाला तो खडकानें. जुन्या इंग्रजी कोशांत ह्याच नांवाचें एक उभार रेघांचें, दाबून चकाकी आणलेलें लोकरी कापडही नोंदलेलें आहे. परंतु कापडास गांवाचें नांव असलें म्हणून तें त्या गांवच्या मागावर विणलें असें होत नाहीं. आपल्या बाजारांतील कंदी पेढा मात्र सातारी खरा. तेथें नांव आणि माल दोन्ही एकाच गांवचे.

दुसरा वर्ग संख्यांचा. दक्षिण आफ्रिकेंत १९२६ सालीं स्थापन झालेलें क्रूगर राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या मध्यभागीं प्रवाशांच्या उतरण्याचें एक मोठें ठाणें आहे. आसपास सिंह पुष्कळ. त्या ठाण्याचें नांव ‘सातारा’ असेंच लिहितात. तेथें सांगतात तें असें कीं, पूर्वीं ह्या जमिनीची मोजणी होऊन तिचे गट पाडले, तेव्हां मोजणीदाराच्या हाताखालच्या हिंदी मनुष्यानें सतराव्या गटास आपल्या भाषेंतला आंकडा दिला, आणि तोच नांव होऊन बसला. येथें मौज अशी कीं, जी व्युत्पत्ति आपल्या साताऱ्यास लागूं पडत नाहीं तीच ह्या ठाण्याविषयीं सांगतात, आणि तेथें ध्वनीची अडचण येत नाहीं. कारण रोमन अक्षरांत ‘सतरा’ आणि ‘सातारा’ यांत भेदच उरत नाहीं. कृष्णाकांठच्या किल्ल्याच्या नांवांत सतरा नाहीं, आणि आफ्रिकेंतील नांवांत आपला सातारा नाहीं. एकच आंकडा दोन खंडांत दोन नांवांस चिकटविला गेला, म्हणून मराठ्यांची वसाहत लिंपोपोच्या दक्षिणेस झाली होती असें कोणी अनुमान काढूं नये.

सिंहलद्वीपांत तर आंकडाच बदलतो. तेथील केगल्ल प्रांतांत ‘सतर कोरळे’ म्हणून प्राचीन विभाग आहे. ‘कोरळे’ म्हणजे महालासारखा मुलूख, आणि ‘सतर’ म्हणजे सतराही नव्हे, सत्तरही नव्हे, तर चार. संस्कृत ‘चतुर्’ यांतील चकाराचा सिंहली भाषेंत सकार झाला. ग्रंथांत ‘सतर’ राहिला, आणि बोलण्यांत त्या सकाराचाही हकार होऊन ‘हतर’ झाला. संस्कृताच्या अभ्यासकास हें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. ‘सतरा’ आणि ‘सतर’ हे दोन्ही शब्द संस्कृत संख्यांपासूनच निघाले, दिसतात भावंडांसारखे, आणि मूळ मात्र एकाचें ‘सप्तदश’ तर दुसऱ्याचें ‘चतुर्’. रूप सारखें म्हणून मूळ सारखें, हें म्हणणें भाषेच्या क्षेत्रांत किती धोक्याचें आहे तें ह्यावरून दिसून येईल.

तिसरा वर्ग केवळ वस्तूंचा. राजस्थानच्या वाळवंटांत, जैसलमेर-बाडमेरकडे, लंगा इत्यादि गायक-वादक जाती ‘सतारा’ नांवाचा जोडपांवा वाजवितात. दोन नळ्या एकदम तोंडांत धरावयाच्या. एकीवर सूर वाजवावयाचा, व दुसरीनें अखंड आधारस्वर धरावयाचा. आपली ‘सतार’ ही फारसी ‘सेह-तार’, म्हणजे तीन तारांची. ह्या पांव्यांत तार मुळींच नाहीं. तेव्हां वाद्यांच्या यादींत हा शब्द आढळला तर तो साताऱ्याचाही नव्हे आणि सतारीचाही नव्हे.

शेवटचें उदाहरण सर्वांत दूरचें, पण आम्हांस सर्वांत प्रिय. सर्बिया, क्रोएशिया व बोस्निया ह्या देशांतील भाषेंत ‘सतारा’ म्हणजे खाटकाचा रुंद पात्याचा सुरा. हा शब्द त्यांच्याकडे तुर्कांबरोबर आला. तुर्की ‘सातिर’, आणि त्याचें मूळ अरबी ‘सातूर’. आतां वाचकांनीं क्षणभर थांबून आपल्याच घरांत पाहावें. तोच अरबी शब्द फारसीवाटे आपल्याकडेही आला, आणि आज तो मराठींत ‘सत्तूर’ ह्या रूपानें नांदत आहे. म्हणजे बाल्कन प्रदेशांतील ह्या ‘सतारा’चा मराठींत एक सख्खा नातलग खरोखरच आहे; पण तो सातारा नव्हे, सत्तूर आहे. जो हुबेहूब दिसत होता तो परका ठरला, आणि ज्याचें तोंडही जुळत नव्हतें तो भाऊबंद निघाला.

६

एवढ्या भ्रमंतींतून काय हातीं लागलें? आमच्या मतें नामसाम्याचे प्रकार चार, आणि प्रत्येकाचा पुरावा निराळा. पहिला, नांव एका ठिकाणाहून दुसरीकडे नेलें गेलेलें, जसें आगबोटीचें. येथें नेणारा कोण व केव्हां नेलें तें दाखवितां आलें पाहिजे. दुसरा, मूळ शब्द एक पण वाटा निराळ्या, जसे सुऱ्याची ‘सतारा’ व आपला सत्तूर. येथें मधल्या भाषांच्या पायऱ्या दाखवाव्या लागतात. तिसरा, एकाच भाषेंतील लोकांनीं दोन जागांस स्वतंत्रपणें तेंच नांव दिलेलें. दोन्ही साताऱ्यांस डोंगरांचा शेजार आहे, परंतु तेवढ्यावरून एकाची वस्ती दुसऱ्यांतून निघाली असें म्हणतां येत नाहीं. चौथा, निव्वळ योगायोग. आणि पहिल्या तिहींचा पुरावा मिळेपर्यंत प्रत्येक नामसाम्य ह्या चौथ्या कोठ्यांतच ठेवावें. लोक ह्याच्या उलट करतात. ते संबंध गृहीत धरतात व योगायोगास पुरावा मागतात.

संग्राहक मित्रांस आमची विनंति दोन गोष्टींची आहे. एक, पोथीची नोंद करितांना गांवाचें नांव मूळ लिपींत, जसेंच्या तसें, काना-मात्रा न सुधारतां उतरून घ्यावें; आपण लावलेला जिल्हा कंसांत, आणि तो आपला तर्क आहे असें स्पष्ट लिहून, निराळा ठेवावा. आमच्या टिपणांत तर्क आणि वाचन एकाच शाईनें लिहिलें गेलें, हाच खरा दोष होता. दुसरी, जुने पुठ्ठे, वेष्टनें, बांधण्याच्या दोऱ्या व रद्दीचे तुकडे टाकून देऊं नयेत. पोथी आपल्याविषयीं थोडें बोलते. पुठ्ठ्यांतली रद्दी तिच्या घरादाराविषयीं पुष्कळ बोलते. ज्या पावतीनें आम्हांस खोटें ठरविलें ती एखाद्या नीटनेटक्या बांधणारानें फेंकून दिली असती, तर आमचें असत्य आजही छापील स्वरूपांत सुखानें नांदलें असतें.

त्या गृहस्थांनीं आपल्या कुलवृत्तांताच्या प्रतींत स्वतःच्या हातानें दुरुस्ती केली. ‘राजधानी सातारा’ हे शब्द खोडून ‘खंडोबाचा सातारा’ असें लिहिलें, आणि त्या वर्षींच्या चंपाषष्ठीस ते नातवंडांसह तेथें जाऊन आले. पोथी त्यांच्याच घरीं आहे. तिच्यावरचें आमचें जुनें टिपण त्यांनीं काढूं दिलें नाहीं. त्याखालीं नवें जोडावें असें सांगितलें. म्हणून आज त्या पोथीवर दोन टिपणें आहेत, दोन्ही आमच्याच अक्षरांतलीं. पुढील अभ्यासकानें प्रथम खालचें वाचावें.